पाचवी पायरी

वर्गातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पाठ पांढरी झालेली असायची. भिंतीला जरा टेकलं की झालं काम. केंद्रानं त्या भिंतींना तीनदा रंग दिला, शेवटच्या खेपेला तर चांगला महागातला ऑइलपेंट. पण महिनाभरात आतली भुकटी रंगाचे पापुद्रे काढत वर यायचीच. शिपाई म्हणायचा, "मॅडम, या भिंतींना कोंडा झालाय. शाम्पू मंजूर करून घ्या."

मॅडम हसायच्या. त्या स्वतः मात्र अकरा वर्षांत एकदाही त्या भिंतीला टेकल्या नव्हत्या.

उद्योजकता प्रशिक्षणाची ही खोली पूर्वी खडूचा कारखाना होती, हे वर्गात कोणाला माहीत नसे. लांबट शेड, वर पत्रे, जमिनीतून बोटभर वर आलेले कापलेले बोल्ट. प्लास्टर ढवळायचं पिंप कधीकाळी त्या बोल्टांवर बसवलेलं होतं. दर बॅचला कोणी ना कोणी त्यांना ठेचकाळायचं आणि शिव्या घालायचं. आणि रोज दुपारी साडेतीनला, मागच्या खिडकीतून ऊन आत आलं की मॅडमना आवाज यायचा. टक, टक. टेबलाच्या कडेवर खडू दोनदा आपटल्याचा. सुका खडू टणटणीत वाजतो, ओला बद्द. बाबा रोज त्याच वेळी प्रत्येक ट्रेमधला एक खडू उचलून असं ऐकायचे.

बाबांना जाऊन पंधरा वर्षं झाली होती. आवाज गेला नव्हता. सुरुवातीला मॅडम बोलता बोलता थांबायच्या, आणि वर्ग त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचा. मग त्यांनी चहाची सुट्टी साडेतीनला ठेवली. कपबशांच्या गोंगाटात तो आवाज थोडा दबायचा. थोडाच.

आता हा कोर्स म्हणजे काय ते सांगायला हवं. कर्ज हवं तर प्रमाणपत्र हवं, आणि प्रमाणपत्र हवं तर तीन आठवडे या खोलीत बसायला हवं. शिकवणारी पगारी. पुस्तक लिहिणारे पगारी. मंजुरी देणारे साहेब तर पेन्शनच्या दाराशी उभे. जन्मात स्वतःच्या जोरावर एक सुतळीचा तोडा विकला नाही अशी माणसं दुसऱ्यांना सांगतात, धोका पत्करा. आणि बाहेरचे लोक? ते वरताण. पोरगा नोकरीला लागला की गल्लीभर सांगत सुटतात, धंदा काढला की हळूच विचारतात, "का, नोकरी नाही मिळाली?" बुडाला की "आम्ही म्हणतच होतो." चालला की "काहीतरी काळंबेरं असणार." आणि वर सगळ्यांचं एकमत, की धंदा रक्तात असावा लागतो, शिकवून येत नाही. हेच लोक पोरांना कारकून करायला तीन-तीन शिकवण्या लावतात. कारकुनी रक्तात असावी लागते, असं कोणाच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही.

मॅडमचा एक पाठ सगळ्या बॅचना आवडायचा. 'हा माणूस कुठे चुकला?' भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर त्या सात पायऱ्या लिहायच्या. एका माणसानं चांगली नोकरी सोडली. शेड घेऊन खडू बनवायला सुरुवात केली. एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर भिस्त ठेवली. चाळीस शाळांची ऑर्डर घेतली, पण माणसं वाढवली नाहीत. पाचवी पायरी, गुणवत्तेकडे दुर्लक्ष केलं. प्लास्टर न चाळताच ओतलं, खडूत बारीक खड्यांची खर राहिली, शाळांचे फळे ओरबाडले गेले. सहावी, सगळा माल परत आला. सातवी, बंद. मग प्रत्येकानं उठायचं आणि जिथे माणूस चुकला असं वाटतं त्या पायरीखाली लाल फुली मारायची.

अकरा वर्षं पाचवीच जिंकत आली होती. फुल्यांनी पाचवी पायरी अगदी रक्ताळून जायची.

"मॅडम, याला धंदा काढायला सांगितलं कोणी?" एखादा विचारायचा. वर्ग खो-खो हसायचा. मॅडमही हसायच्या, न हसून करतात काय? तो माणूस त्यांचा बाप होता हे त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. बदली होऊन या केंद्रावर आल्यावर पहिल्याच आठवड्यात उदाहरण हवं होतं, आणि हे एकच त्यांना तोंडपाठ होतं. शिवाय पाचवी पायरी बाबांनी स्वतःच कबूल केली होती, सगळ्या गल्लीसमोर. मग लिहायला काय हरकत? असं त्या स्वतःला सांगायच्या. दर बॅच बाबांना नव्यानं पुरायची, आणि पहिली मूठभर माती टाकायच्या मॅडम.

त्या सोमवारी साहेब सकाळीच वर्गात डोकावले. "मॅडम, अभिनंदन! तुमचा खडूवाला पुस्तकात घेतलाय. आता साठ केंद्रांवर शिकवणार त्याला. छपाईला गेलासुद्धा."

साठ केंद्रं. मॅडमनी मनातल्या मनात फुल्या मोजायला घेतल्या आणि सोडून दिल्या.

त्याच बॅचमध्ये शेवटच्या बाकावर एक साठीची बाई बसायची. राखाडी साडी, मोठे रापलेले हात, मांडीवर कापडी पिशवी. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात तिनं लिहिलं होतं: शिंप्यांसाठी आणि वेल्डरांसाठी खुणेचे खडू. मॅडमनी तो रकाना वाचला तेव्हाच ओळखलं होतं. नाव वाचायची गरज नव्हती. बाबांच्या कारखान्यातली चाळणमावशी. प्लास्टर चाळायचं काम तिचं. दोनदा चाळायचं, हा बाबांचा कायदा, आणि मावशी तिसऱ्यांदा चाळायची, का तर "माझं समाधान". अख्खी गल्ली बाबांना खडूशेठ म्हणायची ती टर उडवायला. न हसता शेठ म्हणणारी ती एकटीच.

तिनं मॅडमना ओळखलं होतं का? आठवडाभर काही कळलं नाही. ती मॅडमना इतरांसारखंच मॅडम म्हणायची, वहीत मोठ्या अक्षरात सगळं उतरवून घ्यायची. एकच गोष्ट वेगळी होती. ती मुद्दाम भिंतीला टेकून बसायची.

त्याच सोमवारी दुपारी सात पायऱ्या बोर्डावर चढल्या. एकेक जण उठला. चष्मेवाला म्हणून एक पोरगा होता, जिभेला हाड नसलेला. त्यानं पाचवीखाली फुली मारून वर एक कवटीचं चित्र काढलं. "मॅडम, या काकांच्या रक्तातच नव्हता हो धंदा. नोकरीच करायची ना गपचूप."

"आणि मॅडम," दुसरी एक बाई म्हणाली, "राग मानू नका, तुम्ही कुठला धंदा केला?"

वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "पुढचं कोण?"

मावशी उठली नाही.

"मावशी, तुमची फुली राहिली."

"मी नाही मारणार," मावशी बसल्या जागेवरून म्हणाली. "हा माणूस चुकला नाही."

"अहो, माल परत आला, कारखाना बंद पडला," चष्मेवाला म्हणाला. "मग काय आम्ही चुकलो?"

"चाळायचं काम त्याचं नव्हतं. चाळणारी बाई वेगळी होती. फुली तिच्या नावावर मारा." तिनं पिशवी घट्ट धरली. "ती मी."

मॅडमना घड्याळाकडे बघावं लागलं नाही. खिडकीतून ऊन आलं होतं. टक, टक.

"चहा घ्या सगळ्यांनी," मॅडम म्हणाल्या.

सगळे बाहेर गेल्यावर मावशी पुढे आली. आता ती मॅडम म्हणाली नाही.

"पोरी, तुला पहिल्या दिवशीच ओळखलं. शेठचीच हनुवटी."

"मावशी, ते सगळं जुनं झालं..."

"जुनं कसलं? रोज आहे. ऐक. माझ्या चाळणीला तेव्हा वीतभर फाट होती. शेठ नवी आणतो म्हणाले, मीच म्हटलं, कशाला खर्च, मी दोऱ्यानं शिवते. शिवली. मग बहीण आजारी पडली म्हणून मी चार दिवस गेले, आणि परत येते तर हे रामायण! ती शिवण उसवली असणार बघ. शेठनं सगळं स्वतःवर घेतलं, 'मीच घाईत न चाळता ओतायला सांगितलं' म्हणाले. अगं, तो माणूस असं सांगेल का कधी? मला वाचवलं त्यांनी. मी चाळण उलटून न बघताच चुलीत घातली. बावीस वर्षं कोणाच्या प्लास्टरला हात लावला नाही."

"मग आता?"

"आता मुलगी म्हणाली, आई, तुला येतं ते कर. म्हणून आले. पण तुझ्या त्या पायऱ्या बघितल्या आणि समजलं. एकाचा धंदा बुडवणाऱ्या बाईनं दुसरा काढू नये. माझा फॉर्म फाडून टाक." तिनं फॉर्म टेबलावर ठेवला, तो हातानं सरळ केला आणि गेली.

मॅडमनी तिला थांबवलं नाही. दोन शब्द पुरले असते. दोन शब्द बावीस वर्षं घशात होते, अजून एक दिवस राहिले.

त्या बावीस वर्षांपूर्वी मॅडम मॅडम नव्हती. एकोणीस वर्षांची पोर होती, आणि बाबांनी तिला सगळं शिकवलं होतं. साच्याला तेल किती फासायचं, प्लास्टर पाण्यात टाकायचं की पाणी प्लास्टरमध्ये, घट्ट होताना त्याचा रंग कसा बदलतो. बाबांना कोणी म्हणालं की हे रक्तात असावं लागतं, तर ते चिडायचे. "रक्त डासांना चालतं," म्हणायचे. "हे हाताला शिकवावं लागतं." मोठ्या ऑर्डरच्या वेळी ते तीन दिवस बाहेरगावी गेले आणि शेड तिच्यावर सोपवून गेले. मावशी रजेवर. पहिल्या दिवशी तिनं दोनदा चाळलं. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी अकरा वाजता सरकारी कचेरीत तिची मुलाखत होती. आईनं गुपचूप अर्ज भरायला लावला होता, आणि सकाळपासून इस्त्रीचा ड्रेस खुंटीवर तयार होता. प्लास्टर अंगावर उडालं असतं तर ड्रेस गेला असता. तिनं ओतणाऱ्या दोघांना सांगितलं, "चाळून ठेवलंय, ओता." सहा गोण्या. तळातल्या, जमिनीची खर लागलेल्या.

माल परत आला त्या दिवशी बाबांनी एक खोका फोडला. खडू टेबलावर आपटला. टक, टक. सुका होता, छान वाजला. मग भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर रेघ मारली, आणि ती किंकाळी बाहेर रस्त्यापर्यंत गेली. बघायला जमलेल्या लोकांनी कानांवर हात ठेवले आणि हसले. बाबांनी खिळ्याला टांगलेल्या चाळणीकडे पाहिलं. चाळण स्वच्छ होती, शिवण जागच्या जागी. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं, एकदाच, आणि लोकांकडे वळून म्हणाले, "मीच घाईत न चाळता ओतायला सांगितलं."

पुढची सात वर्षं ते एका गोदामात पहारेकरी होते. तिला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी घरी आई पलंगावर बसून भाजी निवडत होती. मॅडम खाली वाकल्या आणि पलंगाखालून साचे ओढून काढले. पितळेचे, जड, गोणपाटात बांधलेले. त्यांच्यामागे एक खोका होता, न फोडलेला, परत आलेल्या मालातला.

"काय उकरतेस गं?" आई म्हणाली. "त्या मेल्या खडूंनी घर खाल्लं माझं."

"आई, बाबांनी नाही, मी चाळलं नव्हतं. मुलाखतीला गेले होते ना, तेव्हा."

आईचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा देठं मोडायला लागला. "मग?"

"मग म्हणजे?"

"मग नोकरी लागली ना तुला? त्या दिवशी चाळत बसली असतीस तर आज आपण दोघींनी काय खाल्लं असतं? प्लास्टर?"

"आई, तुला माहीत होतं?"

"ड्रेसला इस्त्री कोणी केली होती?" आई म्हणाली. "एक बुडायचंच होतं. एक तरलं. ती पिशवी दे इकडे, देठं टाकायला."

मॅडम उभ्याच राहिल्या. त्यांना वाटत होतं आई रडेल, नाहीतर थोबाडीत मारेल. यातलं काही झालं असतं तर निदान कळलं असतं की घरात काहीतरी मेलं होतं. आईनं देठं पिशवीत टाकली आणि पुढची जुडी सोडली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मावशीच्या मुलीच्या घरी निरोप पाठवला: फॉर्म फाडायचा तर स्वतः येऊन फाडा. मावशी आली, पण दारातच उभी राहिली. वर्ग भरला होता. मॅडमनी शिपायाला बोलावलं.

"हा पांढरा बोर्ड काढा."

"काढा? मॅडम, त्याच्यामागे काही नाहीये."

"आहे. मीच तो इथे लावून घेतला होता, मला माहीत आहे."

बोर्ड निघाला, आणि साठलेली भुकटी वर्गभर उडाली. मागे बाबांचा काळा फळा होता, भिंतीतच बसवलेला, आणि त्याच्यावर हातभर लांबीचा एक आडवा ओरखडा. पुढच्या बाकावरचे कुजबुजले. दारातली मावशी एक पाऊल आत आली.

मॅडमनी खोका फोडला. बावीस वर्षांनी. खडू पिवळट पडले होते.

"काल आपण सात पायऱ्या केल्या," त्या म्हणाल्या. "तो माणूस माझा बाप. कारखाना हाच. ज्याला तुम्ही ठेचकाळता ते त्याच्या पिंपाचे बोल्ट. आणि न चाळता ओतायला त्यानं सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. मला नोकरीच्या मुलाखतीला जायचं होतं."

मग त्या दाराकडे वळल्या.

"मावशी, चाळण उसवली नव्हती. मी ती खिळ्यावरून काढलीच नव्हती."

मावशीचे ओठ हलले, बहुधा वर्षं मोजत होती.

मॅडम फळ्याकडे वळल्या आणि लिहायला लागल्या. पहिल्याच अक्षराला तोच आवाज निघाला, पत्रे हादरवणारा. सगळ्यांनी कान झाकले. कोणीतरी ओरडलं, "मॅडम, बास!" त्या थांबल्या नाहीत. 'शिकवलं' एवढं लिहून झालं तेव्हा त्यांचे दात शिवशिवत होते. त्यांनी पुढचा शब्द लिहिला, आणि त्याच्या पुढचा, प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी दाबून. शिकवलं होतं. येत होतं. मी केलं नाही.

आवाज ऐकून साहेब धावत आले. "काय चाललंय? मॅडम, हे काय?" त्यांनी फळा वाचला. त्यांना समजलं की नाही कोण जाणे, पण घाम मात्र फुटला. "अहो, पाचव्या पायरीचं उत्तर छापून झालंय! परीक्षेत काय लिहायचं पोरांनी?"

"खरं," मॅडम म्हणाल्या.

"खऱ्याला मार्क कोण देणार?" साहेब म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. "याचा खुलासा लेखी द्यावा लागेल तुम्हाला."

"देते."

साहेब गेले. वर्गात कोणी हसत नव्हतं. मग मावशी बाकांच्या मधून पुढे आली. बोल्टांपाशी आल्यावर खाली न बघताच तिनं पाय उचलला, पूर्वी उचलायची तसा. मॅडमना वाटलं, आता ती डोक्यावरून हात फिरवील. लोकांना असं वाटतंच, गुन्हा कबूल केला की समोरच्यानं माया करावी.

मावशीनं हात फिरवला नाही. "बावीस वर्षं," ती म्हणाली. "माझे हे हात मी बावीस वर्षं दुसऱ्यांच्या भांड्यांत घातले. शेठच्या मयताला मी लांब उभी राहिले, तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून. तू पुढे उभी होतीस. पाहिलं होतं मी."

"हो."

"रडत होतीस."

"हो."

मावशीनं टेबलावरचा फॉर्म उचलला, मॅडमपुढे ठेवला आणि रकान्यावर बोट ठेवलं. "सही कर."

मॅडमनी सही केली.

"शेठचे साचे कुठेत?"

"घरी. उद्या आणून देते."

"उद्या नको. आत्ता चल."

मॅडम वर्ग सोडून निघाल्या. दारापाशी जाता जाता मावशीनं टेबलावरच्या खोक्यातला एक खडू उचलला, सवयीनं, विचार न करता, आणि टेबलाच्या कडेवर दोनदा आपटला. टक, टक. या वेळी तो आवाज सगळ्या वर्गानं ऐकला.

"सुका आहे," मावशी म्हणाली, आणि खडू परत खोक्यात टाकून पुढे चालायला लागली.

बाहेर उन्हात आल्यावर मॅडमनी तिची पाठ पाहिली. आज मावशी भिंतीला टेकली नव्हती, तरी पाठ पांढरी होती. त्यांनी स्वतःची पाठ चाचपली. हाताला भुकटी लागली, आणि त्यांनी हात झटकला नाही.